अमेरिकी सांगाडा की फ्रेंच? अभिरूप राज्यघटना लिहून घेणाऱ्यांसाठी

वर्गात काल्पनिक देशाची राज्यघटना लिहून घ्यायची, तर राष्ट्राध्यक्ष आणि कायदेमंडळ यांच्यातली सत्तेची वाटणी कुठून उचलायची, हे आधी ठरवावं लागतं. हाताशी दोन नमुने असतात, अमेरिकेचा आणि फ्रान्सच्या 1958 च्या घटनेचा. मी दोन्ही वापरले आहेत.

शिकवायला अमेरिकी नमुना सोपा, हे मान्यच. काँग्रेस, म्हणजे तिथलं कायदेमंडळ, विधेयक संमत करते, राष्ट्राध्यक्ष व्हेटो म्हणजे नकाराधिकार वापरतो आणि दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं पडली तर तो व्हेटो मोडतो. 1973 चा युद्धाधिकारांवरचा कायदा निक्सन यांचा व्हेटो मोडूनच झाला. मुलांना हा भाग फार आवडतो.

माझं घोडं अडतं ते अंदाजपत्रकाशी. राष्ट्राध्यक्ष आणि काँग्रेस दोघेही थेट निवडून आल्याच्या तोऱ्यात असतात, दोघांच्याही मुदती ठरलेल्या आणि कोणी कोणाला घरी पाठवू शकत नाही. महाभियोग आहे म्हणा, पण 1868 पासून चार वेळा चालवूनही सिनेटने, म्हणजे काँग्रेसच्या वरच्या सभागृहाने, एकाही राष्ट्राध्यक्षाला दोषी ठरवलेलं नाही. मग पैशांची मंजुरी अडली की सरकारी कामकाजच ठप्प होतं. 2018-19 मध्ये ते 35 दिवस बंद होतं, 2025 मध्ये 43. माझ्या वर्गातही हेच होतं. दोन्ही गट हटून बसतात, तास संपतो आणि कोंडी फोडण्याचं कलम कोणालाच सापडत नाही, कारण ते नसतंच.

फ्रेंच नमुन्यात निदान दार तरी आहे. पंतप्रधान नेमतो राष्ट्राध्यक्ष, पण नॅशनल असेंब्ली, म्हणजे संसदेचं कनिष्ठ सभागृह, अविश्वास ठरावाने सरकार पाडू शकते. उलट राष्ट्राध्यक्ष असेंब्ली विसर्जित करू शकतो. मात्र त्यानंतर वर्षभर पुन्हा नाही. डिसेंबर 2024 मध्ये पंतप्रधान बार्निए यांचं सरकार अंदाजपत्रकावरून पडलं, तरी विशेष कायदा करून करवसुली आणि आवश्यक खर्च चालू ठेवता आला.

यावर कोणी म्हणेल, त्या एका वर्षात फ्रान्सने चार पंतप्रधान पाहिले, हे कसलं स्थैर्य? आक्षेप रास्त आहे. असेंब्लीत बहुमत विरोधकांकडे गेलं की राष्ट्राध्यक्ष आणि पंतप्रधान दोन टोकांना, हाही अनुभव आहे: 1986 मध्ये राष्ट्राध्यक्ष मितराँ यांनी खासगीकरणाच्या वटहुकुमावर सही नाकारली, तेव्हा पंतप्रधान शिराक यांना संसदेतून कायदा करून घ्यावा लागला. पण मला तरी हे भांडण पाहायला बरं वाटतं. निकाल लागतो आणि तो कोणामुळे लागला हेही कळतं.

खरी खोट आहे कलम 49.3 ची. सरकार पणाला लावून पंतप्रधान विधेयक मतदानाशिवाय पुढे रेटू शकतो. 2023 मध्ये निवृत्तिवेतनाचा बदल तसाच रेटला आणि नंतरचा अविश्वास ठराव अवघ्या 9 मतांनी फसला.

तुमच्याकडे एकच तास असेल, किंवा व्हेटो आणि नियुक्त्या एवढंच शिकवायचं असेल, तर अमेरिकी नमुना खुशाल घ्या. फक्त मंजुरी रखडल्यास जुनं अंदाजपत्रक चालू राहील, असं एक कलम आधीच घाला. वेळ हाताशी असेल तर मी फ्रेंच नमुना उचलतो आणि 49.3 गाळून टाकतो.