‘त्रास वाढतोय म्हणजे गुण येतोय’: पेडण्याच्या किनाऱ्यावर वहिनीची झालेली फसवणूक

नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत गोव्यातल्या पेडणे तालुक्यात मांद्रे, मोरजी, आश्वे, हरमल या पट्ट्यात जागोजागी फलक दिसतात. हीलिंग, वेलनेस, साउंड बाथ, चक्रशुद्धी. हे सगळंच वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. समुद्रकाठी सकाळी योगासनं करून कुणाचं काही बिघडत नाही. पण अशाच एका महोत्सवातल्या कार्यशाळेने माझ्या वहिनीचे पैसे घेतले आणि तिचे सांधे कायमचे दुखावले. ‘लिही, लोकांना कळू दे’ असं तीच म्हणाली. आयोजकांचं नाव देत नाही, कारण तक्रार दाखल आहे आणि निकाल लागायचा आहे.

वहिनीला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. वयोमानाने गुडघे झिजतात तो हा आजार नव्हे. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते, सांध्यांचं अस्तर सुजतं आणि ते वेळेत आवरलं नाही तर हाड कुरतडलं जाऊन बोटं वाकडी होतात. आठवड्यातून एकदाच घ्यायची, ही उलटलेली प्रतिकारशक्ती आवरणारी मेथोट्रेक्सेटची गोळी, जोडीला फॉलिक ॲसिड आणि ठरावीक काळाने रक्ताची व यकृताची तपासणी, असा तिचा क्रम होता. याच्या बळावर ती डिचोलीच्या महिला भजनी मंडळात पेटी वाजवत होती. काल्याच्या भजनाला तिची पेटी ठरलेली. दुखणं पूर्ण गेलं नव्हतं, पण हात चालत होते.

महोत्सवाच्या मांडवात शिरताच ‘फुल बॉडी एनर्जी स्कॅन’चा टेबल होता. पासाच्या पैशांत तो फुकट. लॅपटॉपला जोडलेली धातूची कांडी हातात धरायची, नाव, वय, लिंग, उंची, वजन सांगायचं आणि मिनिटभरात यकृत, मूत्रपिंड, हाडं, जीवनसत्त्वं, शरीरातले जड धातू अशा कितीतरी गोष्टींचे आकडे छापून येतात. ‘क्वांटम ॲनालायझर’ अशा नावांनी ही यंत्रं ऑनलाइन काही हजारांत विकत मिळतात. मुठीत कांडी धरून रक्तातलं शिसं किंवा यकृतातली एन्झाइम्स मोजता येत नाहीत, त्यासाठी रक्तच काढावं लागतं. वहिनीच्या कागदावर लाल अक्षरांत आलं, ‘यकृतात औषधांचे विषारी साठे’. तिच्या पोटात गोळाच आला. मग दादाने कांडी धरली. टेबलावरच्या मुलाने घाईत आधीची माहिती बदलली नव्हती, त्यामुळे दादाच्या अहवालात गर्भाशयाचे आणि बीजांडकोशाचे आकडे आले. मुलाने कागद ओढून घेतला, पुन्हा माहिती भरली आणि नवा अहवाल हातात ठेवला. माणूस तोच, हात तोच, आकडे वेगळे. दादाने तिथेच वाद घातला, पण भीती एकदा मनात शिरली की वाद ऐकू येत नाही.

दुपारच्या श्वासाच्या सत्राने उरलेलं काम केलं. ढोलाच्या ठेक्यावर, डोळे मिटून, तोंडाने जोरजोरात आणि भराभर श्वास घ्यायचा, तोही बराच वेळ. वहिनीच्या हातांना मुंग्या आल्या, बोटं आपोआप आखडली, ती ढसाढसा रडली. मंचावरच्या बाईंनी सांगितलं, अडकलेली ऊर्जा तुमच्या सांध्यांतून बाहेर पडते आहे. आता ज्या बाईची बोटंच आजारी आहेत तिच्या बोटांतच काहीतरी घडताना तिला जाणवलं, तर तिने विश्वास का ठेवू नये? खरं कारण आम्हाला नंतर डॉक्टरांकडून कळलं. भराभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, रक्ताची आम्लता बदलते, मोकळं कॅल्शियम घटतं आणि हातापायांना मुंग्या येऊन बोटं आखडतात. निरोगी माणसालाही हेच होतं. शेजारच्या गादीवरच्या तरुण मुलालाही तेच झालं होतं, आणि त्याला सांगितलं गेलं की त्याचं बालपणीचं दुःख सुटतंय.

संध्याकाळी एकेकट्याचं सत्र झालं. त्यात शरीरापासून वितभर अंतरावर हात फिरवून ऊर्जा कुठे अडली आहे ते ‘पाहिलं’. या दाव्याबद्दल एक जुना प्रयोग सांगते. अमेरिकेत एमिली रोझा नावाच्या शाळकरी मुलीने हाताने ऊर्जा जाणवते म्हणणाऱ्या 21 जणांना पुठ्ठ्याच्या आडून हात पुढे करायला लावले आणि स्वतःचा हात त्यांच्या कोणत्या हाताजवळ आहे ते ओळखायला सांगितलं. 280 वेळांपैकी 44 टक्केच उत्तरं बरोबर आली, म्हणजे नाणं उडवून जमलं असतं त्याहूनही कमी. 1998 साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात तो प्रयोग छापून आला.

मग पैशांची गोष्ट निघाली, आणि माझी कळकळीची विनंती आहे की हा भाग नीट वाचा. कुणीही ‘फी’ हा शब्द वापरला नाही. ‘योगदान’ म्हणाले, ‘ऊर्जेची देवघेव’ म्हणाले. तीन महिन्यांच्या कार्यक्रमाचं योगदान 48,000 रुपये, तीन हप्त्यांत, संस्थेच्या नव्हे तर एका व्यक्तीच्या खात्यावर यूपीआयने, आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘डोनेशन’ लिहायचं. बिल नाही, पावती नाही. ऐकायला हे सात्त्विक वाटतं. प्रत्यक्षात 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेच्या व्याख्येतून विनामोबदला दिलेली सेवा वगळलेली आहे. मोबदल्याला देणगी म्हटलं की उद्या ‘तुम्ही ग्राहक नव्हताच’ असं म्हणायला वाट मोकळी राहते. आमच्या पत्राला त्यांचं उत्तर अगदी याच शब्दांत आलं. शिवाय पहिल्याच दिवशी एक इंग्रजी फॉर्म सह्यांसाठी फिरवला होता. त्यात बारीक अक्षरांत ‘माझ्या औषधोपचारांचे सर्व निर्णय मी स्वेच्छेने घेते’ असं वाक्य होतं.

गोळ्या बंद करा असं कागदावर कुणीच लिहून दिलं नाही. ते व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोटमधून आलं: ‘ताई, विष आत जात राहिलं तर आम्ही बाहेर कसं काढणार?’ वहिनीने मेथोट्रेक्सेट थांबवली.

आणि तिला बरं वाटलं. ही गोष्ट मी लपवणार नाही, कारण लोक फसतात ते इथेच. पहिले काही आठवडे ती खरोखर हलकी होती. मळमळ गेली, झोप लागली, ती चार लोकांना शिबिराचा पत्ता देऊ लागली. मेथोट्रेक्सेटचा परिणाम जसा सुरुवातीला दिसायला कित्येक आठवडे लागतात, तसाच थांबवल्यावर ओसरायलाही वेळ लागतो. गोळीच्या दिवशीचा त्रास मात्र लगेच थांबतो. म्हणजे तिला जे बरं वाटत होतं ते जुन्या गोळ्यांच्या पुण्याईवर, आणि श्रेय जात होतं कार्यशाळेला. त्यात या आजाराची दुखणी मुळातच कमीजास्त होत असतात. घरकाम, धावपळ सोडून समुद्रकाठी राहिलं, कुणी आपुलकीने विचारपूस केली, तर वेदना काही काळ कमी जाणवतेच. यंत्र, श्वास आणि हात फिरवणं यांतल्या कशालाही काही करावं लागलं नाही, नुसतं वाट पाहणं पुरेसं होतं.

पुढे मनगटं सुजली. सकाळी मूठ वळेना, चहाचा कप उचलवेना. ‘ही हीलिंग क्रायसिस आहे, त्रास वाढतोय म्हणजे गुण येतोय, आता थांबलात तर सगळं वाया,’ असं सांगून ‘खोल शुद्धी’साठी वेगळं योगदान मागितलं. या एका वाक्याने माझा जितका संताप झाला तितका गेलेल्या पैशांनी झाला नाही. बरं वाटलं तर आमच्यामुळे, वाईट झालं तरी आमच्यामुळे, आणि अगदीच हात टेकले तर तुमचा विश्वास कमी पडला. जिथे चूक ठरायला जागाच ठेवलेली नाही तिथे रोग्याने थांबायचं कधी? वहिनीने ग्रुपवर सुजलेल्या हाताचा फोटो टाकला, तो काढून टाकण्यात आला आणि तिलाही ग्रुपमधून काढलं. त्या ग्रुपमध्ये आणखीही आजारी माणसं होती. मधुमेहाचे होते, थायरॉइडचे होते. त्यांना तो हात दिसायला हवा होता.

बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात नेलं तेव्हा सांध्यांची हानी एक्स-रेमध्ये दिसत होती. औषध पुन्हा सुरू झालं, सूज उतरली, पण उजव्या हाताची दोन बोटं आता पूर्ण सरळ होत नाहीत. हाडाचं जे कुरतडलं गेलं ते गोळीने भरून येत नाही. डॉक्टर तिच्यावर चिडले नाहीत, याचं मला फार बरं वाटलं. त्यांनी एक गोष्ट मात्र घरच्या सगळ्यांना बजावून सांगितली: मेथोट्रेक्सेट थांबवल्याचे परिणाम सावकाश दिसले, पण कुणी बरेच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या घेत असेल आणि अशा सल्ल्याने एकदम बंद केल्या तर जीवावर बेततं. इन्सुलिनचंही तसंच.

कायदा आपल्या बाजूने अगदीच नाही असं नाही. 1954 चा औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा ताईत, मंत्र, कवच यांच्यासारख्या उपायांनी ठरावीक रोग बरे करण्याच्या जाहिरातींना मनाई करतो. त्याच्या यादीत कर्करोग, मधुमेह, लठ्ठपणा यांच्याबरोबर संधिवातही आहे. म्हणून फलकांवर ‘बरा होतो’ असं सहसा लिहीत नाहीत, ते तोंडी सांगतात. सीमेपलीकडे बांदा-सावंतवाडीत महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, पण तो राज्याचा कायदा असल्याने पेडण्यात घडलेल्या गोष्टीला लागत नाही. रेकी, साउंड हीलिंग, श्वासाची सत्रं यांसाठी आपल्याकडे डॉक्टर-वैद्यांसारखी नोंदणी करणारी परिषदच नाही. भिंतीवरचं प्रमाणपत्र कितीही सोनेरी असलं तरी चूक झाल्यावर रद्द होणारा परवाना त्यामागे नसतो. आयुर्वेदच हवा असेल तर नोंदणी क्रमांक असलेला वैद्य गाठा. पेडणे तालुक्यातच धारगळला केंद्र सरकारची अखिल भारतीय आयुर्वेद संस्था डिसेंबर 2022 पासून आहे, किनाऱ्यावरच्या मांडवात जायची गरज नाही.

आम्ही जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. 5 लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही, आणि तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगातही तक्रार करता येते, त्यामुळे मुंबई-पुण्याहून इथे येऊन फसलेल्यांनीही कचरू नये. घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. सेवेचं बिल न देणं हाच त्या कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथेचा भाग आहे. आमची बाजू टिकून आहे ती मुख्यतः दोन गोष्टींवर: हप्त्यांचं वेळापत्रक सांगणारे त्यांचे मेसेज, ज्यावरून ती देणगी नव्हे तर ठरलेली किंमत होती हे दिसतं, आणि ती व्हॉइस नोट. ग्रुपमधून काढायच्या आधीच भाच्याने दोन्ही दुसऱ्या फोनवर उतरवून ठेवली होती.

तुम्ही किंवा घरातलं कुणी अशा कार्यक्रमाला पैसे भरून बसला असाल तर आजच चॅट एक्स्पोर्ट करा, यूपीआयच्या नोंदींचे स्क्रीनशॉट घ्या, सही केलेल्या फॉर्मची प्रत मागा. देत नसतील तर मागितल्याचा मेसेज तरी राहू द्या. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. ऑनलाइन पैसे उकळून माणूस गायब झाला असेल तर 1930 वर तासाभरातच कळवा, पैसे पुढे सरकण्याआधी खातं गोठवता येण्याची शक्यता तेव्हाच जास्त असते. आणि बंद केलेल्या गोळीबद्दल डॉक्टरांना फोन करायला लाजू नका, तो फोन सगळ्यात आधी करा.