तिबेरियसच्या दोन नाण्यांत माझे ६२,००० रुपये गेले

लिहायची लाज वाटते, पण तो माणूस अजून मोकळा फिरतोय म्हणून लिहिते.

एका हॉटेलातल्या नाणे प्रदर्शनात ओळख झाली. शेतात सापडलेल्या मडक्याची नेहमीचीच कथा, गाव कोइमतूरकडचं. पटली, कारण त्या भागात ऑगस्टस आणि तिबेरियस या रोमन सम्राटांचे दिनारियस, म्हणजे चांदीची नाणी, खरोखरच मोठ्या संख्येने सापडलेत. मी नवखी नाही, अकरा वर्षं शिवराई जमवतेय. पण शिवराई ओळखता येते म्हणून रोमन चांदी ओळखता येत नाही. ५०,००० यूपीआयने दिले, १२,००० रोख. पावती मागितली नाही. तुम्ही मागा, आणि तो कुरकुरला तर तिथूनच परत फिरा.

पुढच्या बाजूला पानांचा मुकुट घातलेला तिबेरियस, मागे राजदंड आणि फांदी घेऊन बसलेली स्त्री, जिला बरेच जण तिबेरियसची आई लिव्हिया मानतात. भिंग माझ्याच हातात होतं. पहिल्या नाण्यावर हनुवटीखाली कडेला बारीक फूट, म्हणजे चीर, होती. दुसऱ्यावरही तिथेच, तेवढीच. ही नाणी हातोड्याने एकेक करून पाडलेली; ठसा एक असला तरी कडेची फूट सारखी कशी येईल? मला ती दिसली होती हो! दिसली, आणि मी म्हणाले, "जोडी छान जमलीये." ते वाक्य अजून कानात वाजतं.

वजन भरलं ३.१ ग्रॅम, हवं होतं ३.७ च्या आसपास. "झिजलंय ताई," तो म्हणाला. झिजलेल्या नाण्यावर केसांची बट न् बट कशी शाबूत राहील? घरी कड नीट पाहिली तर कानशीचे ओरखडे. साच्यात ओतलेला खोटा माल, साच्याचा जोड घासून काढलेला. कड आधी पाहा, चेहरा मागाहून.

पोलीस चौकीत म्हणाले, पैसे तुम्हीच पाठवलेत, सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, व्यवहार समोरासमोर झालाय, चौकीत जा. पाच फेऱ्या झाल्या. एकाने तर मलाच दटावलं, जुनी नाणी घेता कशाला? १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर किंवा जास्त वर्षं जुन्या नाण्यांच्या विक्रीचा धंदा करायला परवाना लागतो, तो त्याच्याकडे होता का, हे एकानेही विचारलं नाही. मीही आधी विचारलं नव्हतं, तुम्ही विचारा. संग्रहालयात गेले तर खाजगी नाणी तपासत नाही म्हणाले. मग खोटं आहे हे लेखी देणार कोण? आणि लेखी नसेल तर तक्रार घेत नाहीत!

गेल्या रविवारी मैत्रिणीने फोनवर विक्रीला आलेल्या एका तिबेरियसचा फोटो दाखवला. हनुवटीखाली तीच फूट. मागताहेत ३४,०००.