‘गॉड ओन्ली नोज’: मोनो तबकडीवर काही महिने ऐकल्यावर

बीच बॉइज या अमेरिकी बँडच्या ‘पेट साउंड्स’ या अल्बमची मोनो (डावा-उजवा वेगळा न करता सगळा आवाज एकत्र असलेली) तबकडी दिवाळीत घेतली, ती खरं तर या एका गाण्यासाठी. पावसाळा आला तरी ती टर्नटेबलजवळच आहे, कपाटात गेलेली नाही.

गाणं १९६६ चं. चाल बँडमधल्या ब्रायन विल्सनची, शब्द त्याने आणि टोनी अ‍ॅशरने मिळून लिहिलेले. पहिल्याच ओळीत प्रियकर म्हणतो, मी कायम तुझ्यावर प्रेम करीनच असं नाही. प्रेमगीताची अशी सुरुवात करायला धाडस लागतं. पण एवढं खरं आधी बोलून टाकल्यामुळेच, ‘तू नसतीस तर माझं काय झालं असतं, देवच जाणे’ हे पुढे मनापासून पटतं.

चालही तशीच. ती ‘सा’वर येऊन निवांत टेकतच नाही. आता टेकेल असं वाटतं तोच खालचा बास दुसऱ्या सुरावर सरकलेला असतो. फोनवर हा बास मला कधी नीट ऐकूच आला नव्हता. तबकडीवर गाणं दुसऱ्या बाजूला पहिलंच आहे, म्हणजे सुई बाहेरच्या, सर्वांत मोकळ्या खाचेत असते. तिथे सुरुवातीचा फ्रेंच हॉर्न भरदार वाजतो, घुंगरं खुळखुळतात आणि मधला तुटक-तुटक वाजवलेला तुकडा लखलखीत येतो. गायलाय ब्रायनचा धाकटा भाऊ कार्ल. तेव्हा तो १९ वर्षांचा होता. कुठेही जोर नाही, हरकतींचा सोस नाही. ब्रायनने हे गाणं स्वतःकडे न ठेवता त्याला दिलं, याबद्दल त्याचे आभारच मानायला हवेत.

ब्रायनला उजव्या कानाने जवळपास ऐकू येत नसे आणि मूळ मिश्रणही (म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवणं) त्याने मोनोतच केलं. सगळी वाद्यं एकमेकांत मुरलेली ऐकायची असतील तर मोनोच घ्या. डावा-उजवा आवाज वेगळा असलेलं स्टिरिओ मिश्रण १९९० च्या दशकात आलं. मला त्यात वाद्यं फार सुटी वाटतात. शेवटी मात्र तेच एक वाक्य वेगवेगळे आवाज एकामागून एक उचलतात, तिथे कोण कुठून येतो हे स्टिरिओत हेडफोनवर जास्त स्पष्ट कळतं. तेवढ्यासाठी तीही आवृत्ती मी ठेवली आहे.

तबकडी मात्र प्रत्येक वेळी ब्रशने पुसून लावा. सुरुवातीचा भाग हळुवार आहे, धुळीची चरचर तिथे लगेच कानाला खुपते.