जळगाव ते न्यूयॉर्क: डायरेक्ट की मध्ये थांबून?

पोराचा फोन येतो, "पप्पा, तिकीट काढतोय, डायरेक्ट घेऊ की दुबईवरून?" आणि घरात दोन दिवस तोच विषय. आमच्या आईचा अहिराणीत प्रश्न एकच होता: "इमान मझार थांबस नही का?" म्हणजे, विमान मध्ये थांबत नाही का? आम्ही हसलो, पण मुद्द्याचं तीच बोलली होती.

अंतराचं आधी उरकून टाकू. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. दुबईमार्गे १२,९०० आणि फ्रँकफर्टमार्गे १२,८००च्या आसपास. कुठूनही जा, जास्तीची वाट जळगाव-मुंबई रेल्वेच्या ४२० किलोमीटरपेक्षा मोठी नाही. म्हणून किलोमीटर सोडा, बसावं किती लागतं ते बघा.

डायरेक्ट विमानात साधारण १६ तास एका बैठकीत. दुबईवरून पहिला टप्पा जेमतेम ३ तासांचा. पाय आखडायच्या आतच उतरायचं, आणि पुढे पुन्हा १४ तास सलग. गुडघ्यांसाठी थांबा घेत असाल तर हा थांबा चुकीच्या ठिकाणी येतो. १६चे १४ झाले, वर विमानतळावरचे तीन-चार तास. फ्रँकफर्टला मात्र बरोबर निम्म्यावर उतरता: ९ तास, मग साडेआठ तास. वडिलांच्या गुडघ्यांची वाटी झिजलेली, म्हणून आम्ही तेच घेतलं. व्हीलचेअर तिकिटाबरोबरच मागून ठेवली. लांबलचक कॉरिडॉर, बदललेलं गेट, ही काळजीच राहिली नाही.

आई एकटी जाणार असेल, इंग्रजीची भीती असेल, तर मी डोळे मिटून डायरेक्ट म्हणेन. एकदा बसलं की थेट पोराच्या गावी. कडेची सीट घ्यायची आणि दर दोन तासांनी पॅसेजमधून एक फेरी मारायची. दुबई मी भाड्यात चांगला फरक पडत असेल तरच घेईन. थांबा कुठलाही असो, सगळा प्रवास एकाच तिकिटावर हवा. दोन वेगळी तिकिटं जोडली आणि पहिलं विमान लेट झालं, तर पुढचं तिकीट पाण्यात.

"दिल्ली जवळ पडते," असं कोणीतरी सांगतंच. खरं आहे, दिल्लीहून न्यूयॉर्क सुमारे ८०० किलोमीटरनी जवळ. पण जळगावहून दिल्ली रेल्वेनं ११०० किलोमीटर! शिवाय एप्रिल २०२५ पासून पाकिस्ताननं भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हापासून दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या आपल्या विमानांना वळसा पडू लागला.

आता घरापासूनचा हिशेब. गाडीचे सात तास, विमानतळावर चार तास आधी, वर १६. सत्तावीस तर इथेच झाले. पावसाळ्यात कसारा घाटाचा भरवसा नाही, म्हणून रात्री दोनच्या विमानासाठी सकाळचीच गाडी धरा. ठाण्याला उतरून टॅक्सी केली तर बॅगा घेऊन दादरचे जिने चढावे लागत नाहीत.

पोहोचल्यावर घड्याळ गंमत करतं. रात्री दोनला निघून १६ तास बसलात, तरी तिकडे उन्हाळ्यात त्याच दिवशीचे सकाळचे साडेआठ. येताना वारा पाठीशी असल्यानं वेळ थोडा कमी लागतो, पण एक तारीख हातची जाते.

बॅगा आम्ही शेजारच्या केळीच्या वखारीत काट्यावर तोलल्या. २३ किलोची मर्यादा, भरली २४ किलो ६००. आईनं साडी काढली, काळ्या मसाल्याला हात लावू दिला नाही.