थिबा राजवाडा, रत्नागिरी: वस्तूंपेक्षा वास्तू पाहा
ब्रह्मदेशाचा थिबा राजा 1885 मध्ये पदच्युत झाला आणि इंग्रजांनी त्याला रत्नागिरीत नजरकैदेत ठेवलं. इंग्रजांनी बांधलेल्या या वाड्यात तो 1910 मध्ये राहायला आला आणि 1916 मध्ये वारला. आज इथे सरकारी संग्रहालय आहे. सोमवारी बंद, हे पक्कं लक्षात ठेवा. नाहीतर फेरी इथेच फुकट जाते. दालनांतली मांडणी साधीच. खरा ऐवज म्हणजे अर्धगोल लाकडी खिडक्या आणि उतरती कौलारू छपरं. खारी हवा नि कोकणातला पाऊस लाकडाला सोडत नाही, म्हणून कठड्यांवर रेलू नका. दुपारी उशिरा आलात तर सूर्यास्ताला जवळच्या थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी दिसते. राजाची समाधी मात्र शहरात वेगळ्या ठिकाणी आहे, ती वाड्यात शोधू नका.