कानवाली कापशी चप्पल : दिवाळीपासून वळवापर्यंतचा अनुभव

गेल्या दिवाळीत कोल्हापुरात पायाचं माप देऊन करून घेतलेली कानवाली कापशी (कोल्हापुरी चपलेचा एक प्रकार, दोन्ही बाजूंना कानासारख्या पट्ट्या असलेला) आता पायात मुरली आहे, म्हणून लिहितो. किंमत साडेतीन हजार. रस्त्यावर चारशे-पाचशेला जोड मिळत असताना एवढे कशाला, हे घरीही विचारून झालंय.

उत्तर चप्पल उलटी केली की दिसतं. तळ म्हशीच्या चामड्याचा, बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेला. वरची वेणी शेळीच्या चामड्याची. शिलाई चामड्याच्याच वादीची, खिळा एकही नाही. चामडं भिजवायचं, ठोकायचं, थर जुळवायचे, आरीने भोकं पाडून शिवायचं, सगळं हाताने. वेणीचं बारीक काम बऱ्याच घरांत बायका करतात. दुकानात मात्र त्या कधी दिसत नाहीत. स्वस्त जोडाची कड बघा, थरांच्या मध्ये पुठ्ठा किंवा रबर सापडेल.

सुरुवातीला चप्पल चावते, आणि चांगलीच चावते. अंगठ्यात सालटं निघालं, पट्ट्याखाली वळ उठले. करणारे मामा म्हणाले होते, "तेल पाजा, पाण्यात तेवढी घालू नगा." रात्री एरंडेल लावून ठेवायची, सकाळी पुसून घरातच थोडं चालायचं, असं बरेच दिवस चाललं. मग तळावर टाच आणि बोटांचे खळगे पडले, फिकट रंग तांबूस काळसर झाला. आता ती दुसऱ्या कुणाच्या पायात नीट बसत नाही. उन्हाळ्यात पाय इतका कोरडा आणि थंड दुसऱ्या कशात राहिला नाही.

आवाजाचं काय? चालताना करकर वाजावी म्हणून तळाच्या थरांत बसवतात तो 'विंचू' बसवून घेतला होता. लग्नात करकर ऐकून माणसं वळून बघतात, बरं वाटतं. ऑफिसात मात्र मी जागेवरून उठलो की सगळ्या मजल्याला कळतं.

गुळगुळीत फरशीवर घसरते, जिना जपून उतरावा. एकदा वळवाच्या सरीत सापडली. तळ फुगला, कडेचे थर सुटू लागले. सावलीत वाळवून पुन्हा शिवून घेतली, निभावलं. पावसाळ्यात ही घालायची नाहीच. एकच चप्पल घेणार असाल तर ही घेऊ नका.

जून २०२५मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने असल्याच चपला दाखवल्या, आधी कोल्हापूरचं नावही न घेता. टीका झाल्यावर भारतीय कारागिरीपासून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं. वास्तविक २०१९पासून कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव) आहे: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे. त्या शोमुळे "प्राडावाली का?" असं मलाही विचारतात. विचारणारेच कारागिराशी दोनशे रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करतात, हे मी समोर उभं राहून पाहिलंय.

पुढचा जोडही तिथूनच, पण बिनकानाचा, पातळ तळाचा. आणि विंचू नको, हे माप देतानाच सांगणार.