फ्रेडीचं पोर्ट्रेट: दहा महिने भिंतीवर

जानेवारीत 'क्वीन' या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचं पोर्ट्रेट काढून घेतलं. कॅनव्हासवर अ‍ॅक्रिलिक, 24 बाय 30 इंच, फ्रेमसकट साडेआठ हजार. अट एकच: 1986 च्या लंडनमधल्या वेम्बलीच्या कार्यक्रमातलं पिवळं जॅकेट हवं.

कच्च्या चित्राचा फोटो आला. जॅकेट झकास, बकलं तर हात लावून बघावीत अशी. पण चेहरा कुठल्याही मिशीवाल्याचा. आईनं विचारलं, "हे बँडपथकातले कोण?" नेमकं काय चुकलंय ते कळायला मला दोन दिवस लागले. वरचा ओठ सपाट होता! फ्रेडीच्या वरच्या जबड्यात चार दात जास्तीचे होते, त्यामुळे पुढचे दात बाहेर आलेले. आवाज बदलेल या भीतीनं त्यानं ते कधी काढून घेतले नाहीत. चित्रकारानं मिशीखाली करड्या रंगाची जेमतेम रेघभर सावली दिली, ओठ पुढे आला आणि फ्रेडी हजर झाला. साडेआठ हजारांतले पाच त्या रेघेचे.

दंडावरचा खिळ्यांचा पट्टा मात्र तसाच राहिला. तो 1985 च्या 'लाइव्ह एड' या मदतनिधीच्या कार्यक्रमातला, पांढऱ्या बनियनबरोबरचा. पिवळ्या बाहीवर कशाला, तर म्हणे "भारी दिसतो".

पिवळा रंग अजून उतरलेला नाही, पण पातळ आहे. सकाळी तिरपं ऊन आलं की खालच्या पेन्सिलच्या चौकटी दिसतात. व्हार्निश चकचकीत, त्यामुळे ट्यूबलाइट थेट कपाळावर. पुढच्या वेळी मॅट सांगेन.

खरा त्रास पावसाळ्यात. बाहेरच्या भिंतीला ओल, तिथंच लटकवलेलं. ऑगस्टमध्ये कॅनव्हास सैल पडला आणि मागे बुरशीचे काळे ठिपके. कोरड्या ब्रशनं झाडलं, चौकटीच्या कोपऱ्यांतल्या पाचरी हलकेच ठोकल्या, मागे चार बुचं चिकटवून हवेला वाट दिली आणि आतल्या भिंतीवर हलवलं. तेव्हापासून ठीक.

फ्रेडीचं मूळ नाव फारुख, तो पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, शाळेतल्या 'द हेक्टिक्स' बँडमध्ये पियानो वाजवायचा, हे कळल्यापासून आई पाहुण्यांना "हा आपल्या पाचगणीचा फारुख" असं सांगते. गाणं एकही ऐकलेलं नाही.

आता तो शाळकरी फारुखच काढून घ्यायचाय. पण मिशी नसली की ओठ झाकायला काहीच उरत नाही, म्हणून चित्रकार अजून हो म्हणत नाहीये.